तंबोऱ्यामागची जागा

धारहून दक्षिणेकडे निघालेली गाडी विंध्याची कड उतरली की हवा बदलते. वर माळवा राहतो, खाली निमाड लागतं. मनावर हे या खालच्या अंगाचं गाव. मान नदीचा काठ, कापसाची काळी रानं, कानावर निमाडी आणि भिली. या पट्ट्यात भजन म्हटलं की मृदंग, झांजा आणि सिंगाजीचं नाव.

सिंगाजी सोळाव्या शतकातले. जातीने गवळी. भामगढच्या राजाकडे टपाल पोचवणाऱ्या हरकाऱ्याची नोकरी त्यांना होती. एकदा वाटेत मनरंगीर नावाच्या साधूचं भजन कानावर पडलं, आणि सिंगाजींनी नोकरीच सोडली. पुढे ते स्वतः पदं रचू लागले. त्यांच्यामागे दलुदासाने रचली, आणि दलुदास हा सिंगाजींचा नातू, असं निमाड मानतो. खंडवा जिल्ह्यातल्या पिपल्या सिंगाजीला त्यांची समाधी आहे. इंदिरासागर धरणाचं पाणी चढलं तेव्हा ती बुडू दिली नाही. भोवती उंच बांध घालून राखली. आज चहूकडे पाणी आणि मधोमध समाधी असं ते दृश्य आहे.

या कथेतल्या दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. गाणं सिंगाजींकडे आलं ते वाटेवरून, परक्याच्या गळ्यातून. त्यांच्याकडून पुढे गेलं ते मात्र घरात, नातवाकडे. धार-देवास भागातल्या भजनी घराण्यांचा इतिहास बघताना ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. येणं रस्त्याने, जाणं रक्ताने. निदान वरवर पाहता तरी तसं दिसतं. रक्ताच्या बाबतीत मला शंका आहे, तिच्याकडे येईनच.

पिढ्यान्‌पिढ्या गाणारं कुटुंब ही गोष्ट जगाला नवी नाही. अमेरिकेतल्या काळ्या ख्रिस्ती समाजात गॉस्पेल, म्हणजे शुभवर्तमानाची गाणी गाणारी कित्येक कुटुंबं होऊन गेली. त्यांतलं सर्वांत नाव झालेलं स्टेपल्स कुटुंब. बाप मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यातून शिकागोला आलेला मजूर. संध्याकाळी तो गिटार घेऊन बसायचा, पोरांना भोवती जमिनीवर बसवायचा आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा सूर वाटून द्यायचा. तू हा धर, तू तो धर. 1948 साली ही मंडळी शिकागोच्या चर्चमध्ये गाऊ लागली. त्यांतली धाकटी मुलगी मेव्हिस पुढे जगप्रसिद्ध झाली.

याच 1948 च्या 30 जानेवारीला, गांधीजींची हत्या झाली त्या दिवशी, एक आजारी गवई देवासला राहायला आला. वय चोवीसही पुरं नव्हतं. नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, पण लहानपणापासून लोक ओळखत ते कुमार गंधर्व म्हणून. जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा, मातृभाषा कन्नड, गाणं शिकणं मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे. दहा-अकराव्या वर्षीच मोठमोठ्या परिषदा गाजवलेला हा मुलगा 1947 मध्ये भानुमती कंस यांच्याशी लग्न करतो काय आणि लगेच क्षयाने अंथरूण धरतो काय. कोरड्या हवेसाठी डॉक्टरांनी माळवा सांगितला. भानुमतींनी देवासला शाळेत नोकरी धरली आणि घर चालवलं. या घराच्या गाण्याचा इतिहास सांगताना त्या नोकरीचा उल्लेख ओझरता होतो, हे मला नेहमी खटकतं. पगार आला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतं निघालं होतं. ते मिळालं, जीव वाचला. एक फुप्फुस मात्र जवळजवळ गेलं. गाण्याला पाच-सहा वर्षं बंदी होती. गवयाने गायचं नाही म्हटल्यावर उरतं काय? ऐकणं. खाटेवर पडल्या पडल्या कुमारांना बाजाराला जाणाऱ्या बायांची गाणी ऐकू येत, लग्नाची, पावसाची, जात्यावरची. भीक मागत दारी येणारे नाथपंथी जोगी ऐकू येत. हे जोगी आवाज मनधरणीने आळवत नसत. स्वर मोकळ्या रानात फेकावा तसा फेकत आणि लगेच सोडून देत. श्रोता आहे की नाही याची त्यांना फिकीर नसे. कुमारांना त्या फेकण्यात निर्गुणाचा अर्थ दिसला. जिथे देवाला रूपच नाही तिथे गोंजारायचं कुणाला?

देवासला या जोग्यांची बैठक पूर्वीपासून होती. विसाव्या शतकाच्या आरंभी शीलनाथ महाराज नावाचे नाथयोगी तिथे राहिले, त्यांची धुनी आजही आहे. तिथे गायल्या जाणाऱ्या पदांचा संग्रह ‘शीलनाथ शब्दामृत’ या नावाने छापलेला होता. कुमारांनी गायलेल्या निर्गुणी भजनांपैकी बऱ्याच भजनांचे शब्द या धुनीवरून आले. ग्रंथालयात बसून ‘कबीर ग्रंथावली’ चाळून ते काढलेले नाहीत, ही बाब महत्त्वाची, कारण यातली कितीतरी पदं जुन्या पोथ्यांत सापडतच नाहीत.

इथे थोडं थांबायला हवं. कबीराच्या पदांचे जुने आधार मोजके. कबीरपंथाचा ‘बीजक’, 1604 साली सिद्ध झालेला शिखांचा आदिग्रंथ, राजस्थानातल्या दादूपंथी पोथ्या. माळव्यातल्या गावोगावच्या मंडळ्या जी पदं रात्र-रात्र गातात त्यांतली बरीचशी यांपैकी कशातच नाहीत. तरी शेवटच्या कडव्यात कबीराचं नाव येतं. याला तिकडे छाप म्हणतात. आपण नाममुद्रा म्हणतो. आता ही पदं रचली कुणी? कुणाच्या तरी आज्याने, पणज्याने. आणि रचून झाल्यावर स्वतःचं नाव न घालता कबीराचं घातलं. मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. ‘नामा’ ही मुद्रा असलेले सगळे अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातल्या नामदेवांचे नाहीत. विष्णुदास नामा नावाचा सोळाव्या शतकातला कवी त्यांत मिसळून गेलेला आहे. अभ्यासक त्याला प्रक्षेप म्हणतात. भजनाच्या बाजूने पाहिलं तर तो एका घरात दत्तक जाण्याचा प्रकार आहे. माणूस आपलं आडनाव टाकतो आणि कबीराचं लावतो. अमेरिकेतल्या घराण्यांच्या तबकडीवर कुटुंबाचीच नावं असत. माळव्यात पिढ्यांनी गाणं रचलं आणि सही दुसऱ्याची केली.

देवासला भजनाची आणखीही एक धार होती, आणि ती मराठी होती. तुकोजी आणि जिवाजी हे दोघे पवार भाऊ अठराव्या शतकात बाजीरावाच्या फौजांबरोबर इकडे आले आणि एकाच गावात थोरली पाती, धाकटी पाती अशी दोन राज्यं थाटून बसले. गावातून जाताना कुठला रस्ता कुणाचा, याचा नव्याला पत्ता लागत नसे. 1921 मध्ये थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खासगी सचिव होता. त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्याने पाहिली. दिवसच्या दिवस चाललेली भजनं, गोंगाट, फुलांचे ढीग, आणि भान हरपून देवापुढे नाचणारे खुद्द महाराज. साहेब गोंधळून गेला, वैतागला, आणि विसरू मात्र शकला नाही. त्याच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या 1924 च्या कादंबरीचा शेवटचा भाग या आठवणीवरच उभा आहे, आणि त्यात देवापुढे गाणारे प्राध्यापक गोडबोले तुकारामाचं नाव घेतात. देहूचा वाणी इंग्रजी कादंबरीत शिरला तो पुण्यामार्गे नव्हे, देवासच्या टेकडीवरून.

म्हणजे कुमार आले तेव्हा या लहानशा गावात एका बाजूला दरबारी मराठी अभंग होता, दुसऱ्या बाजूला जोग्यांचं निर्गुण होतं. कुमारांनी पुढे दोन्ही गायले. ‘तुकाराम दर्शन’ हा त्यांचा स्वतंत्र कार्यक्रम, तसाच तुलसीदासांवरचा. कबीर, सूरदास, मीरा यांना एकत्र गुंफणारी ‘त्रिवेणी’. ‘मालवा की लोकधुनें’ हा माळवी गाण्यांचा कार्यक्रम. या लोकधुनांतून त्यांनी मालवती, संजारी, सहेली तोडी, लगनगंधार असे नवे राग काढले. मैफलीत शेवटी टाळ्या घेण्यासाठी एखादं भजन म्हणायचं, या प्रथेला त्यांनी फाटा दिला. निर्गुणी भजन ख्यालाच्या तोडीने मांडलं.

आता पिढ्यांकडे वळू. 1956 मध्ये थोरला मुलगा मुकुल जन्मला. 1961 मध्ये दुसऱ्या बाळंतपणात भानुमती गेल्या. पुढच्या वर्षी कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी लग्न केलं. वसुंधराताई जमशेदपूरच्या. लहानपणी कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी कुमारांना ऐकलं होतं, आणि 1946 मध्ये शिकायला म्हणून त्या मुंबईला आल्या होत्या. पुढे तीस वर्षं त्या कुमारांच्या शेजारी बसून गायल्या. निर्गुणी भजनांच्या ध्वनिमुद्रिका नीट ऐकल्या तर एक गोष्ट लक्षात येते. कुमारांचा स्वर उसळून जिथे तुटतो, बरोबर तिथे वसुंधराताईंचा स्वर असतो. एकच फुप्फुस धड असलेल्या माणसाच्या गाण्यातली ती मोकळी जागा त्या भरत नाहीत, धरून ठेवतात. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात. वरची ओळ शाहिराची, पण ती खाली पडू द्यायची नाही हे काम झीलकऱ्यांचं. वसुंधराताई मोठ्या ख्यालगायिका होत्या, 2006 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना झीलकरी म्हणणं कुणाला कमीपणाचं वाटेल. मला वाटत नाही. हे सबंध प्रकरण झीलकऱ्यांबद्दलच आहे.

मुलगी कलापिनी वडिलांच्या मागे तंबोऱ्यावर बसू लागली. मैफलीला गेलेल्या प्रत्येकाने हे दृश्य पाहिलेलं असतं: पुढे गवई, मागे दोन तंबोरे आणि ते छेडणारे दोन तरुण चेहरे, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही. चार तारा, सतत एकाच क्रमाने. लय चुकवायची नाही, गाण्यात रमून हात थांबवायचा नाही. मधेच खूण झाली तर एखादा स्वर लावायचा, पुन्हा गप्प. वरवर हे हमालीचं काम. खरं तर गवयाचा श्वास कुठे घेतला जातो, षड्जावर तो किती वेळ टेकतो, गाणं जमत नाही त्या दिवशी काय करतो, हे सगळं दिसतं ते या जागेवरूनच. तालमीत शिकवता येतं त्यापलीकडचं जे असतं ते इथे बसून घ्यावं लागतं.

12 जानेवारी 1992 ला कुमार गेले. मुकुल शिवपुत्र हे विलक्षण ताकदीचे गायक. वडिलांखेरीज ते कर्नाटक संगीतही शिकले, आणि चाकोरीत राहणं त्यांना कधी मानवलं नाही. त्यांचे चिरंजीव भुवनेश आजी वसुंधराताईंकडे शिकले. 2015 मध्ये वसुंधराताईही गेल्या. आज आत्या कलापिनी आणि भाचा भुवनेश ‘भानुकुल’ या माताजींच्या टेकडीजवळच्या घरातून हे गाणं पुढे नेतात. घराला नाव भानुमतींचं आहे. नातू आपल्या आजोबांचं गाणं आजीकडून शिकला, आणि ही आजी रक्ताने त्याची आजी नव्हती. माझी रक्ताबद्दलची शंका ती हीच.

देवासपासून थोडं उत्तरेला, उज्जैन जिल्ह्याच्या तराना तालुक्यात लुनियाखेडी नावाचं खेडं आहे. तिथले प्रल्हादसिंह टिपानिया यांचा जन्म 1954 चा. दलित समाजातला मुलगा, शिकून शाळामास्तर झाला. माळव्यातल्या भजनी मंडळ्या बहुतेक दलित वस्त्यांतल्याच असतात, पण टिपानियांच्या घरी भजनाची गादी होती असं नाही. विशीतल्या या मास्तरांनी 1978 च्या सुमारास तंबूरा ऐकला आणि ते त्याच्या नादाला लागले. सिंगाजींची गोष्ट चारशे वर्षांनी पुन्हा. यांनी नोकरी सोडली नाही एवढाच फरक. दिवसा शाळा, रात्री भजन.

माळव्याचा हा तंबूरा आपल्या मैफलीतल्या तंबोऱ्याचा खेड्यातला भाऊ. बहुधा पाच तारांचा, आटोपशीर. तो मागे कुणी छेडत नाही, गाणारा स्वतःच अंगाशी उभा धरतो. एका हाताची बोटं तारांवर, दुसऱ्या हातात करताल. मागे मंजिरा, ढोलक, टिमकी, हल्ली हार्मोनियम आणि व्हायोलिनसुद्धा. मुख्य गाणारा ओळ टाकतो, मागचे टेक, म्हणजे धृपद, उचलतात. टिपानियांच्या मंडळीत भाऊ मंजिऱ्यावर बसला, मुलगा ढोलकावर. गावातली पोरं या मंडळीत शिरतात ती गायक म्हणून कधीच नाही. मंजिरा हातात येतो, मग ढोलक, मग टेक धरण्याची पाळी, आणि फार पुढे कधीतरी तंबूरा. आपल्या वारीच्या फडात तरी वेगळं काय आहे? वासकरांचा, देहूकरांचा फड वंशपरंपरेने चालतो हे खरं. पण दिंडीत मागे टाळ घेऊन चालणाऱ्याला कुणी कूळ विचारत नाही. चाल पाठ असली, पाऊल चुकत नसलं, की झालं.

आकाशवाणी इंदूर आणि मग कॅसेट यांनी टिपानियांचा आवाज माळवाभर नेला. 2011 मध्ये पद्मश्री आली. 2019 मध्ये देवास मतदारसंघातून त्यांनी काँग्रेसतर्फे लोकसभेची निवडणूक लढवली आणि ते हरले. भजनाला जमणारी माणसं मतदानाला तशीच जमतात, असा समज असेल तर तो तिथे मिटला.

1991 च्या जुलैत देवासला एक वेगळा प्रयोग सुरू झाला. ‘एकलव्य’ ही शिक्षणाचं काम करणारी संस्था. तिने ‘कबीर भजन एवं विचार मंच’ काढला. दर महिन्याच्या 2 तारखेला आसपासच्या गावांतल्या मंडळ्या संस्थेच्या कार्यालयात जमत. गात, आणि मधे थांबून बोलत. आपण गातो त्याचा अर्थ काय? कबीर मूर्ती-कर्मकांडाला झोडपतो, मग कबीरपंथाच्या महंतांनी केलेली चौका आरती कशी चालते? जातीचं काय? हे 1998 पर्यंत चाललं. अयोध्येच्या वादाने देश पेटलेला असताना खेड्यातले शेतमजूर कबीराच्या शब्दांवर रात्र जागवत होते, ही माहिती त्या दशकाच्या इतिहासात सहसा आढळत नाही. पुढे टिपानिया स्वतः पंथात महंत झाले आणि चौका आरती करू लागले, तेव्हा हेच प्रश्न त्यांच्यावर उलटले. शबनम विरमाणी यांच्या ‘कबीरा खडा बाजार में’ या माहितीपटात ही ओढाताण आडपडदा न ठेवता दिसते. गाणारं घर आणि गाण्यातला विचार यांचं नेहमी पटतंच असं नाही. घराला गादी हवीशी वाटते. पद म्हणतं, गादी कसली?

या मंडळ्यांत बायका फार थोड्या. घरी, लग्नात, जात्यावर गाणाऱ्या बायकांचं गाणं कुमारांनी खाटेवरून ऐकलं आणि त्यातून राग घडले. पण रात्री चव्हाट्यावर तंबूरा घेऊन बसायचं ते पुरुषांनी. वारसा घरात जातो असं आपण म्हणतो तेव्हा घरातल्या निम्म्या माणसांना तो कुठल्या दाराशी थांबवतो, हेही बघावं लागतं. अलीकडे गीता पराग यांच्यासारख्या गायिका तंबूरा घेऊन पुढे बसू लागल्या आहेत.

टोंकखुर्द भागातले कालूराम बामनिया हे टिपानियांच्या नंतरचं मोठं नाव. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे भजन वाडवडिलांपासूनचं. एकाने तंबूरा वाटेवर उचलला, दुसऱ्याला तो घरात मिळाला. पण ऐकणाऱ्याला फरक सांगता येणार नाही, कारण दोघेही शेवटच्या कडव्यात सही करतात ती कबीराचीच.

देवासचं ते घर आणि आसपासची ही खेडी यांचं एकमेकांकडे येणं-जाणं मात्र बेताचंच राहिलं. कुमारांचे श्रोते पुण्या-मुंबईचे, तिकीट काढून येणारे. टिपानियांचे श्रोते ट्रॉलीतून उतरणारे, पहाटेपर्यंत बसणारे. विरमाणी यांच्याच ‘कोई सुनता है’ या माहितीपटात दोन्ही गाणी शेजारी-शेजारी येतात, आणि मग कानाला गंमत कळते. खेड्यातल्या गाण्यात टेक चार जण उचलतात, म्हणून गाणाऱ्याला दम घ्यायला सवड मिळते. कुमारांच्या गाण्यात ती सवड शांतता देते, आणि त्या शांततेत ऐकू येतो तो फक्त मागचा तंबोरा. तो छेडणाऱ्या हातांकडे तेव्हाही कुणाचं लक्ष नसतं. मात्र कलापिनींच्या मैफलीला जाणाऱ्याने एकदा नजर त्यांच्यावरून काढून मागे टाकावी. तिथे कुणीतरी विशीतलं बसलेलं असतं, मान किंचित कललेली, चार तारा एकाच क्रमाने.